कोंबडीच्या खांद्यातली पुली

लेकीच्या बाराव्या वाढदिवसाला घरी अख्खी कोंबडी भाजायची ठरली. नवऱ्याने नवीन ओव्हन घेतलाय आणि ओव्हन घेतलेला माणूस पहिले सहा महिने त्यात काहीही घालून बघतो, वांगी झाली, पाव झाला, शेंगदाणे झाले, आता कोंबडी. कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याने तीनदा विचारलं, "अख्खी? पीस नको? स्किनपण ठेवायची?" आणि मी तीनदा हो म्हटल्यावर जरा संशयानेच ती पिशवीत घातली. घरी आणून ताटात ठेवली तर लेक बघून गेली, परत आली, आणि म्हणाली, "आई, ही झोपलेल्या बाळासारखी दिसतेय गं. हात बघ तिचे."

हात. मी तोपर्यंत त्यांना विंग्ज म्हणत होते.

मग मला काय सुचलं माहीत नाही, म्हणजे माहीत आहे, पंचवीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात झूलॉजी घेऊन बी.एस्सी. केलंय आणि नंतर आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली बघितल्यात, त्यामुळे ते आत कुठेतरी दबून बसलेलं असणार. सुरी घेतली, एका बाजूची छातीवरची कातडी सोलली, वरचा मोठा मांसाचा गोळा हाडापासून सोडवून बाजूला केला. त्याच्याखाली, मधल्या हाडाला अगदी चिकटून, एक लांबट निमुळती पट्टी असते. बोनलेस आणलं की ती बऱ्याचदा सुटी होऊन येते, तिच्यातून एक पांढरी चिवट दोरी गेलेली असते, दातात अडकते म्हणून आपण ती ओढून काढून टाकतो. ती पट्टी चिमटीत धरली आणि शेपटीकडे ओढली.

कोंबडीने हात वर केला.

लेक किंचाळली, नवरा हॉलमधून धावत आला, आणि मग पुढची दहा मिनिटं आम्ही तिघं ओट्याभोवती उभे राहून आळीपाळीने ती पट्टी ओढत होतो आणि मेलेली कोंबडी हजेरी दिल्यासारखी हात वर करत होती. वाचायला हे जरा विकृत वाटेल, पण ज्यांच्याकडे रविवारी चिकन होतं त्यांनी एकदा करून बघाच.

गंमत कुठे आहे ते सांगते. आपल्याला हात वर करायचा असला की खांद्याच्या वरचे, पाठीचे स्नायू आखडतात, छातीचे स्नायू हात खाली आणि पुढे ओढतात. वर नेणारे वर, खाली आणणारे खाली, सरळ हिशोब. पक्ष्याच्या बाबतीत पंख खाली मारणारा मोठा स्नायू तर छातीत आहेच, कबुतरात दोन्ही बाजूंचे मिळून शरीराच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं वजन भरेल एवढा मोठा, पण पंख वर नेणारा मुख्य स्नायूसुद्धा छातीतच आहे, पहिल्याच्या पोटाखाली दडून. मग छातीतला स्नायू आखडल्यावर पंख वर कसा जाणार? तर त्याची ती पांढरी दोरी खांद्याकडे जाते, तिथे तीन हाडांनी मिळून केलेल्या एका भोकातून आरपार निघते, आणि पलीकडून वळून पंखाच्या पहिल्या हाडाला वरच्या बाजूने बांधलेली असते. विहिरीवरचा रहाट. आपण खाली उभं राहून दोरी खाली ओढतो, घागर वर येते. तेच कोंबडीच्या खांद्यात आहे, आणि आपण ती दोरी दातात अडकते म्हणून कचऱ्यात टाकतो.

एवढी खटपट कशासाठी, पाठीवर एक स्नायू ठेवला असता तर काय बिघडलं असतं? एसटीच्या टपावर सामान लादून ती घाटात वळताना ज्यांनी आत बसून अनुभवलीय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. वजन पंखांच्या वर गेलं की गाडी डोलते. पक्ष्याने सगळं जड सामान डिकीत ठेवलंय, पंखांच्या खाली आणि मधोमध, त्यामुळे हवेत तो आपोआप सरळ राहतो. आणि ही दोरी पंख नुसता वर उचलत नाही, उचलता उचलता गोल फिरवतेसुद्धा, म्हणून पंख वर जाताना हवेला तिरका कापत जातो. कबुतरांमध्ये ही दोरी कापून बघण्याचे प्रयोग झालेत (मला असले प्रयोग आवडत नाहीत पण झालेत), तर ती कबुतरं हवेत गेल्यावर उडू शकत होती, सपाट जमिनीवरून उठणं मात्र त्यांना जमत नव्हतं. म्हणजे सगळ्यात जास्त गरज सुरुवातीच्या त्या दोन-चार फडफडींना.

आमच्या बी.एस्सी.ला हा प्रश्न दर दोन वर्षांनी यायचा. पक्ष्यांची उड्डाणासाठीची अनुकूलने, १० मार्क. उत्तर पाठ असायचं, स्ट्रीमलाइन्ड बॉडी, न्यूमॅटिक बोन्स, एअर सॅक्स, कील, लॉस ऑफ टीथ, सिंगल ओव्हरी, असे मुद्दे एकाखाली एक लिहायचे, शेजारी कबुतराच्या सांगाड्याची आकृती काढायची, झालं. प्रॅक्टिकलला स्पॉटिंगमध्ये ट्रेमध्ये एक हाड ठेवलेलं असायचं, नांगरासारखं, मधोमध उभा पडदा असलेलं, ते दिसलं की कील म्हणून लिहायचं आणि पुढच्या टेबलावर सरकायचं. तो पडदा म्हणजे त्या दोन्ही स्नायूंना धरायला उभी केलेली भिंत आहे, आणि शहामृगाच्या छातीवर तो नसतो कारण त्याला गरजच नाही, हे पुस्तकात असणारच, मी वाचलंही असणार, पण डोळ्यांसमोर काही आलं नव्हतं. हॉस्टेलच्या खिडकीत रोज कबुतरं बसायची आणि मी त्यांना हाकलून कबुतराचं पाठांतर करायचे.

त्यातला एक मुद्दा तर मी वर्षानुवर्षं चुकीचा समजत आले. हाडं पोकळ, म्हणून पक्षी हलका. ऐकायला इतकं सोपं वाटतं की पुढे कुणी विचार करत नाही. पण पक्ष्याच्या एकूण वजनात सांगाड्याचा वाटा काढला तर तो तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या सांगाड्याएवढाच भरतो, कारण ती हाडं पोकळ असली तरी भिंती जास्त घट्ट, जास्त घनतेच्या असतात. मग पोकळ कशाला? बांधकामावर बघा, सळई वाकते आणि तेवढ्याच लोखंडाचा पाइप केला तर तो वाकत नाही. सामान तेवढंच, ताकद वेगळी. पंख मारताना हाडाला पीळ बसतो, वाक बसतो, तिथे पाइप हवा. आणि आपण हलकं म्हटलं की पिसासारखं म्हणतो, त्या पिसांची गोष्ट अशी की साधारण ४ किलोच्या एका अमेरिकन बाल्ड ईगलची हाडं आणि पिसं वेगवेगळी करून तोलली गेली होती, हाडं पाव किलोच्या थोडी वर भरली आणि पिसं त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. त्या गरुडाला हाडांपेक्षा पिसांचंच ओझं जास्त होतं.

आजीला मात्र हे माहीत होतं. म्हणजे ईगलचं नाही, हाडांचं.

आमचं गाव भुदरगड तालुक्यात, सुट्टीत गेलं की पाव्हणं आली म्हणून एक गावठी कोंबडी जायचीच. कापायचं काम काकांचं, पण पुढचं सगळं आजीचं, गरम पाण्यात बुडवून पिसं उपटणं, चुलीवर भाजणं, आणि मग परड्यात पाट टाकून ती बसायची आणि आम्ही पोरं भोवती. शेपटीच्या बुडाशी वरच्या अंगाला एक लहानशी गाठ असते, ती ती पहिली कापून फेकायची, "वास मारतोय त्येचा." ती तेलाची गाठ. कोंबडी मान वळवून तिथूनच चोचीला तेल लावून घेते आणि पिसांना चोपडते. आणि त्या गाठीखालचं जे मांसल टोक आपण ढुंगण म्हणून नाक मुरडत बाजूला काढतो, त्यात शेपटीचे शेवटचे मणके जोडून झालेलं एकच हाड असतं, शेपटीची सगळी पिसं त्याच्याभोवती रोवलेली. सुकाणू. लांबलचक हाडांची शेपूट होती ती आर्किऑप्टेरिक्सला, जर्मनीत १८६१ साली दगडात सापडला तो, त्याला दातही होते, पंखांना नख्या असलेली बोटंही होती आणि छातीला हा हाडाचा पडदा नव्हता. पिसं मात्र अगदी आजच्यासारखी.

दातांवरून आठवलं. आजी पेटा चिरायची तेव्हा आम्ही सगळ्यात जवळ सरकायचो, कारण त्यात काय निघेल ते सांगता यायचं नाही. खडे, काचेचे गुळगुळीत झालेले तुकडे, एकदा हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला आणि तो कुणाच्या बांगडीचा यावरून दोन काकूंमध्ये बरीच चर्चा झाली. दात आणि जबडा म्हणजे वजन, तेही सगळ्यात पुढे, डोक्यात. ते पक्ष्याने काढून टाकलं आणि दळायचं जातं पोटात, बरोबर मध्यावर नेऊन बसवलं, खडे बाहेरून उचलायचे, झिजले की नवे. आणि अंडी देणारी कोंबडी असली तर पोटातून पिवळ्या गोळ्यांचा घडच्या घड निघायचा, बोराएवढ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत, ते बिनकवचाचे बलक आजी आम्हा पोरांना वाटून द्यायची. तो घड कायम एकाच बाजूला. डावीकडे. उजवीकडचं बीजकोश बहुतेक पक्ष्यांमध्ये वाढतच नाही. मला कॉलेजात सिंगल ओव्हरी लिहिताना तो घड एकदाही आठवला नाही, ह्याचं आता आश्चर्य वाटतं, दहा वेळा तरी खाल्लेला.

आणि जेवताना. तंगडीची नळी चोखायला भांडणं व्हायची. मी एकदा पंखाचं वरचं हाड घेतलं, दाताने टोक फोडलं आणि चोखत बसले, काही येईना. आजी म्हणाली, "त्यात काय न्हाई बाय, त्यात वारं असतंय."

त्यात वारं असतंय! गावठी कोंबडीच्या त्या हाडात खरंच मगज नसतो, हवा असते, आणि ती हवा श्वासाची असते. फुफ्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्यांपैकी एकीचा फाटा खांद्यातून त्या हाडात शिरलेला असतो. जॉन हंटर नावाच्या इंग्लंडमधल्या शल्यविशारदाने १७७४ साली लिहून ठेवलंय की पक्ष्याची श्वासनळी बांधली आणि पंखाचं हे हाड मोडून उघडं केलं तर पक्षी त्या हाडातून श्वास घेत राहतो. आमच्या आजीला सही करायला शिकवली ती मीच, माझ्या चौथीत. तिने हंटर वाचलेला नव्हता. तिने चोखून बघितलं होतं.

तर ते वरचं हाड म्हणजे आपला दंड. लेकीला मी त्या दिवशी ओट्यावर सांगितलं की तू हॉटेलात जो चिकन लॉलीपॉप हट्टाने मागवतेस, त्याची काडी म्हणजे बऱ्याचदा हेच हाड असतं, मांस सगळं खरवडून एका टोकाला गोळा करतात. तिला इतकी वर्षं ती तंगडी वाटत होती. खरं तर मलाही कधीपर्यंत वाटत होती ते सांगत नाही, झूलॉजीवाली आहे मी. त्याच्या पुढचा तुकडा, दोन हाडं समांतर असलेला, तो आपला कोपर ते मनगट. त्याच्यापुढचं टोक, ज्यात खायला काहीच नसतं म्हणून चिकनवाला फेकून देतो, तो पंजा. मनगटाची आणि तळव्याची हाडं जोडून एक झालेली, तीनच बोटं उरलेली, त्यातलं एक अगदी छोटं, बाजूला निघालेलं, अंगठ्यासारखं. त्या अंगठ्यावर तीन-चार पिसांचा छोटा झुपका असतो. घार खांबावर उतरताना बघा कधी, वेग कमी करायला पंख मागे झुकवते तेव्हा पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटीशी चीर उघडते, तो अंगठा उचललेला असतो. त्या फटीतून जाणारी हवा पंखाच्या पाठीला चिकटून राहते, नाहीतर एवढ्या कमी वेगात घार धप्पकन खाली आली असती. विमानाच्या पंखाची पुढची कड उतरताना सरकून फट पडते ना, खिडकीची सीट मिळाली तर दिसते, ती युक्ती हीच.

कच्च्या पंखाची आणखी एक गंमत करता येते. त्याचा कोपर हळूहळू सरळ करा, मनगट आपोआप सरळ होतं. कोपर दुमडा, मनगट दुमडतं. दोन समांतर हाडं एकमेकांवरून सरकतात आणि पुढचा सांधा आपोआप ढकलला जातो, छत्रीच्या काड्यांसारखं. पक्ष्याला पंख उघडायला तीन वेगळे सांधे सांभाळावे लागत नाहीत.

हे सगळं चाललेलं असताना बाल्कनीत, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे, कबुतराचं पिल्लू होतं. ह्याबद्दल आमच्या घरात दोन पक्ष होते. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे आणि कबुतराच्या विष्ठेने तो वाढतो हे डॉक्टरांनी सांगितलेलं, त्यामुळे जाळी बसवायची हे ठरलंच होतं, जाळीवाला येऊन माप घेऊनही गेला होता, आणि नेमकी त्या आठवड्यात दोन अंडी सापडली. दादरच्या कबूतरखान्यावरून केवढं रणकंदन झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, आमच्याकडे ते छोट्या प्रमाणावर झालं. शेवटी पिल्लं उडेपर्यंत जाळी नाही आणि बाल्कनीचं दार बंद, असा तह झाला. घरटं म्हणजे काय, खराट्याच्या चार काड्या आणि केबलचा तुकडा, इतकं आळशी घरटं दुसऱ्या कुठल्या पक्ष्याचं मी पाहिलेलं नाही. एक अंडं फुटलंच नाही. दुसऱ्यातून अठराव्या दिवशी जे निघालं ते पिवळे केस चिकटलेलं, डोळे मिटलेलं, डोक्यापेक्षा चोच मोठी असं काहीतरी, सासूबाई काचेतून बघून म्हणाल्या, "अगोबाई, किती ते कुरूप." आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच रोज बघायला लागल्या.

दिवसाला दुप्पट वाढावं तसं ते वाढलं. कबुतराचे आईबाप दोघंही गळ्यातल्या पिशवीत एक दह्यासारखा पदार्थ तयार करून पिल्लाला भरवतात, बापसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात अंगभर निळसर काड्या फुटल्या, साळिंदरासारख्या. प्रत्येक काडी म्हणजे गुंडाळी करून म्यानात घातलेलं पीस, वाढत असेपर्यंत त्याच्या मुळाशी रक्त खेळत असतं. मग टोकाकडून म्यान सुटत जातं, पीस पंख्यासारखं उलगडतं आणि मुळाशी रक्त थांबतं. तिथून पुढे ते पीस म्हणजे आपल्या नखासारखी निर्जीव वस्तू, पण काय वस्तू. खाली पडलेलं एक पीस लेकीने उचललं आणि मी तिला ते मधून फाडायला लावलं, दोन फाटे झाले, मग बोटांच्या चिमटीतून खालून वर ओढलं, पुन्हा अखंड. बारीक बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकवलेले धागे असतात, आपण चेन लावतो तसं पक्षी दिवसभर चोचीने तेच करत असतो, आणि आपल्याला वाटतं तो नटतोय. पंखाच्या टोकाकडचं पीस असेल तर मधली काडी मधोमध नसते, एका बाजूचा पडदा अरुंद, दुसऱ्या बाजूचा रुंद. अरुंद बाजू वाऱ्याकडे.

तीन आठवड्यांचं झाल्यावर ते युनिटवर उभं राहून पंख मारायला लागलं. पाय घट्ट रोवून, जागच्या जागी, पंधरा-वीस सेकंद, मग दम खायचं. तोंड उघडं. मला ते बघून हवेच्या पिशव्या आठवल्या. कोंबडी चिरल्यावर त्या दिसत नाहीत, साबणाच्या फुग्यासारख्या पातळ, सुरी लागायच्या आधीच फुटतात, दिसतं ते नुसतं फुफ्फुस, बरगड्यांच्या खाचांत रुतून बसलेला गुलाबी स्पंज, आजी तो नखाने खरवडून काढायची. तो स्पंज आपल्या फुफ्फुसासारखा फुगत-आटत नाही. आपलं फुफ्फुस म्हणजे बंद बोळ, गाडी आत घालायची आणि त्याच वाटेने रिव्हर्स काढायची, त्यामुळे जुनी हवा आणि नवी हवा तोंडाशी एकमेकींना अडते, थोडी शिळी कायम आतच राहते. पक्ष्याकडे वनवे आहे. घेतलेला श्वास बराचसा आधी मागच्या पिशव्यांत जातो, सोडताना तिथून फुफ्फुसात शिरतो, दुसरा श्वास घेताना पुढच्या पिशव्यांत सरकतो आणि दुसऱ्यांदा सोडताना बाहेर पडतो. एका घासाला दोन श्वास लागतात, पण फुफ्फुसातून हवा सतत एकाच दिशेने वाहत राहते, आत घेतानाही आणि सोडतानाही ताजी. पट्टकदंब हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिवाळ्यात आपल्याकडे जायकवाडीला, नांदूरमध्यमेश्वरला येतात ते, हिमालय ओलांडताना ७,००० मीटरच्याही वर नोंदले गेलेत. पंख मारत. तेवढ्या उंचीवर माणूस चार पावलं टाकून थांबतो. अर्थात ह्या हंसांचं रक्तही ऑक्सिजन जास्त घट्ट पकडणारं आहे, नुसत्या फुफ्फुसाची करामत नाही, पण पाया तोच, आणि तोच आमच्या एसीमागच्या पिल्लात आणि ताटातल्या कोंबडीतही.

ह्या निमित्ताने देवघरातल्या कॅलेंडरकडे माझं लक्ष गेलं. विष्णू, समोर गरुड, नम्रपणे हात जोडलेला, पाठीला दोन मोठे पंख. लहानपणापासून बघतेय आणि कधी खटकलं नाही. गरुडाने हात कशाने जोडले? पंख हेच हात आहेत. दोन पंख, दोन हात, दोन पाय म्हणजे सहा झाले, सहा पाय किड्यांना. पऱ्यांचंही तेच. लेकीने लगेच विचारलं की मग माणसाला पंख लावले, हातांऐवजीच लावले, तर उडेल का? इटलीत बोरेली म्हणून एक जण होता, त्याचं प्राण्यांच्या हालचालींवरचं पुस्तक १६८० साली तो गेल्यानंतर लगेच छापलं गेलं, त्यात त्याने हिशोब मांडलाय की माणसाच्या छातीत तेवढे स्नायूच नाहीत, हातांनी पंख मारून तो कधी उडणार नाही. आणि तसंच झालं. माणूस स्वतःच्या ताकदीवर खरंच उडाला, १९७९ च्या जूनमध्ये ब्रायन अ‍ॅलनने इंग्लिश खाडी ओलांडली, ते पायांनी. सायकलसारखे पेडल मारून, प्रचंड लांब पंखांच्या पण अगदी हलक्या विमानात. हात मोकळे ठेवून. गरुडाचं चित्र काढणाऱ्यालाही हात मोकळे हवे होते, नमस्कारासाठी.

कोंबडीची ती छातीतली व्ही आकाराची दुहेरी काडी लेकीने ठेवून घेतली, धुऊन, तिने कुठल्यातरी रीलमध्ये ती दोघांनी धरून मोडायची असते असं पाहिलंय. आपल्या गळ्याखालची दोन हाडं आहेत ना, हारासारखी, ती दोन्ही पक्ष्यात जोडून हे होतं. १९८८ साली आपल्या साळुंकीच्या घराण्यातल्या स्टारलिंगला वाऱ्याच्या बोगद्यात उडवून एक्स-रे फिल्म काढली होती, त्यात दर फडफडीला ही काडी स्प्रिंगसारखी फाकते आणि मिटते. मी ते सांगितल्यावर तिने हळूच दोन्ही टोकं दाबून बघितली. लवली. मोडली नाही तिने.

रोस्ट अर्थातच बिघडलं, एका बाजूची छातीच काढलेली, शेवटी रस्सा केला. जेवताना नवऱ्याने छातीचा पांढरा तुकडा आणि तंगडीचा तपकिरी तुकडा शेजारी ठेवून विचारलं हे असं का. पांढरा स्नायू पटकन जोर लावणारा आणि पटकन दमणारा, तपकिरी दिवसभर चालणारा. कोंबडी दिवसभर चालते आणि जिवावर बेतलं की एकदाच उडते. कबुतराची छाती उलट गडद लाल असते, त्याला मैलोनमैल जायचं असतं. लहानपणी गावच्या वरच्या रानात पायाखालून रानकोंबडा उठलेला आठवतो, राखाडी, असा फाडकन आवाज करून की मी खालीच बसले, वीस-तीस हात लांब जाऊन तो झुडपात उतरला आणि मग पळाला. आजीच्या कोंबड्याही संध्याकाळी परड्यातल्या फणसावर चढून बसायच्या, फांदीवरून फांदीवर, उडतच. आमच्या ताटातली ब्रॉयलर. तिचीही सगळी यंत्रणा शाबूत, पडदा, पुली, वाऱ्याच्या पिशव्या, पण छाती एवढी वाढवलेली की उडणं सोडा, धड उभं राहणं कठीण. पाच-सहा आठवड्यांत दोन किलो करून दुकानात येते.

पाच आठवडे. जेवण झाल्यावर मी कॅलेंडरवर मोजलं, तेव्हा आमचं बाहेरचं पिल्लू सव्वीस दिवसांचं होतं. लेकीला बोलले नाही. ती तेव्हा दुसरा लॉलीपॉप, म्हणजे दंड, खात होती.

ते गेलं चौतिसाव्या दिवशी, बुधवारी, आणि कुणीच बघितलं नाही. मी बँकेत, लेक शाळेत, सासूबाई आत पडल्या होत्या, त्यांनी फक्त आवाज ऐकला म्हणतात, टाळ्या वाजवल्यासारखा. कबूतर जोरात उठताना दोन्ही पंख पाठीवर एकमेकांवर आपटतात, त्याचा. आणि मग शांत. त्यांना वाटलं शेजारचं असेल.

जाळीवाला शनिवारी येणार होता. शुक्रवारी संध्याकाळी कठड्यावर तीन कबुतरं येऊन बसली, सारख्याच आकाराची, कारण घरट्यातून बाहेर पडतं तोवर पिल्लू जवळजवळ आईबापांएवढंच झालेलं असतं. सासूबाई दाराशी उभ्या, नाकाला पदर लावून. "त्यातलं आपलं कुठलं?" मी म्हटलं चोचीच्या वरचा फुगीर भाग बघा, मोठ्यांचा पांढराशुभ्र असतो, पिल्लाचा अजून मळकट, आणि मानेवर ती हिरवी-जांभळी चमक नसेल. त्या बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग मधल्याकडे बोट दाखवलं, आणि तेवढ्यात तिन्ही उडाली.